राखेच्या बुधवारापूर्वीचे तीन आठवडे : कॅथेड्रलने नेमके काय करावे?

प्रश्न – सूचनापत्रक लिहिणारा सदस्य

नमस्कार. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून प्रायश्चित्तकाळ, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचा सुमारे चाळीस दिवसांचा काळ, सुरू होतो. त्यापूर्वीच्या तीन आठवड्यांचे सूचनापत्रक तयार करण्याचे काम आमच्या कॅथेड्रलच्या (बिशपांच्या मुख्य चर्चच्या) धर्मग्राम (स्थानिक चर्च-समुदाय) परिषदेने यंदा माझ्याकडे सोपवले आहे. गेल्या वर्षीचे पत्रक समोर घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की ती निव्वळ वेळांची यादी होती: रविवारच्या मिस्सा (मुख्य उपासना) किती वाजता, आराधना कोणत्या दिवशी, पापनिवेदनासाठी फादर केव्हा बसणार, मंगळवारचा स्नेहमेळावा कोठे आणि बुधवारी राख केव्हा लावणार. त्यात चुकीचे काही नव्हते, परंतु ते पत्रक कोणत्याही धर्मग्रामाचे आणि वर्षातल्या कोणत्याही तीन आठवड्यांचे म्हणून खपले असते, ही गोष्ट मला बोचली.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांच्या) या शेवटच्या दिवसांना उपासनेच्या दृष्टीने स्वतःचा काही अर्थ आहे, की प्रायश्चित्तकाळ सुरू होईपर्यंत नुसती वाट पाहायची? आणि जे चर्च बिशपांचे आहे, त्याच्यावर या दिवसांत इतर धर्मग्रामांपेक्षा वेगळी काही जबाबदारी येते का?

परिषदेत सध्या दोन मते आहेत. प्रायश्चित्तकाळात सगळे शांत होणार असल्यामुळे त्याआधी जितके कार्यक्रम घेता येतील तितके घ्यावेत, असे काहींचे म्हणणे आहे. दुसऱ्या दिवशी उपवास असताना आदल्या संध्याकाळी जेवणावळ शोभत नाही, तेव्हा मंगळवारचा मेळावा रद्दच करावा, असे इतर काहींना वाटते. दोघांचीही कळकळ खरी आहे, म्हणूनच मला एका बाजूला झुकून पत्रक लिहायचे नाही. ज्यांनी हे काम पूर्वी केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – उपासना समितीतील जुने सदस्य

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर इतिहासात सापडते. १९६९ साली रोमन उपासना-दिनदर्शिकेची सुधारणा झाली. तोपर्यंत प्रायश्चित्तकाळाच्या आधी तयारीचा एक स्वतंत्र काळ पाळला जात असे. राखेच्या बुधवारापूर्वीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे सेप्टुएजेसिमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रविवारी, तो सुरू होई. तेव्हापासूनच जांभळी वस्त्रे वापरली जात आणि आल्लेलुया हा स्तुतीचा घोष थांबे. प्रायश्चित्तकाळ स्वतः ठळकपणे उठून दिसावा म्हणून सुधारणेत हा काळ काढून टाकण्यात आला. त्यामुळे आज या रविवारी हिरवी वस्त्रे, महिमागीत आणि आल्लेलुया हे सारे आपापल्या जागी असते व ते तसेच असू द्यावे. उत्साहाच्या भरात तीन आठवडे आधीच जांभळे पडदे लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांची श्रद्धा मोठी असते, पण बुधवारी जो बदल डोळ्यांना एकदम जाणवायला हवा, त्याची धार त्यामुळे निघून जाते.

मात्र तयारीचा काळ दिनदर्शिकेतून गेला, तयारी गेली नाही, आणि तिची सुरुवात झावळ्यांपासून होते. बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या फांद्यांची असावी, असे विधीतच सांगितले आहे. त्या फांद्या लोकांच्या घरी क्रुसामागे, पवित्र चित्रांमागे वर्षभर राहिलेल्या असतात. त्या परत आणण्यासाठी दाराशी निदान दोन रविवार टोपली ठेवा आणि पत्रकात ती का ठेवली आहे हे दोन वाक्यांत लिहा. बाजारातून तयार राख आणणे सोपे असते, परंतु ज्या घरातली झावळी त्या राखेत मिसळलेली असते, त्या घरातली मुले बुधवारी कपाळ पुढे करताना निराळ्या लक्षाने उभी राहतात. जाळण्याचे काम मोकळ्या जागी आणि काही दिवस आधी उरकावे. राख बारीक चाळून घ्यावी आणि तिच्यात पाणी कालवू नये. पाण्यात राखेचा क्षार उतरतो आणि त्याने कपाळाची कातडी पोळू शकते. राख कोरडी लावावी, किंवा फार तर तेलाचा एखादा थेंब पुरतो.

तारखांकडेही नीट पाहा. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या मर्यादेत कधीही येतो, म्हणून २ फेब्रुवारीचा प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण आणि ३ तारखेचा संत ब्लेझ यांचा स्मृतिदिन हे दोन्ही नेहमी त्याच्या आधीच पडतात. समर्पणाच्या सणाला मेणबत्त्या आशीर्वादित होतात, ख्रिस्तजन्माला चाळीस दिवस पूर्ण होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरे चाळीस दिवस सुरू होतात. ११ फेब्रुवारी (फ्रान्समधील लूर्द येथे दर्शन दिलेल्या मरियामातेचा स्मृतिदिन) आणि २२ फेब्रुवारी (संत पेत्राच्या आसनाचा सण) या तारखा मात्र कधी अलीकडे तर कधी पलीकडे जातात. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे, तर २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीलाच येतो. गेल्या वर्षीचे पत्रक उतरवून काढण्यात हीच खोट असते.

उपवासाचे नियम बुधवारी सांगून उपयोग नसतो, ते आधीच्या दोन रविवारी सांगावे लागतात. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, संहितेनुसार (कलमे १२५१ आणि १२५२) राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास आणि मांसवर्जन दोन्ही पाळायचे असते. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्जन लागू होते. उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, म्हणजे वयाच्या ५९ वर्षांपर्यंत असतो. बाकीचा तपशील त्या त्या देशाची बिशप परिषद ठरवते. राखेच्या बुधवारी मिस्साला येणे बंधनकारक नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते, आणि तरीही त्या दिवशी चर्च भरते. वर्षभर न दिसणारे चेहरे त्या दिवशी येतात. राख हा संस्कार नव्हे, संस्कारिका (संस्काराचा दर्जा नसलेले पवित्र चिन्ह) आहे, त्यामुळे ज्यांना काही कारणाने ख्रिस्तप्रसाद (मिस्सातील पवित्र भाकर) घेता येत नाही, ज्यांचा अजून स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला नाही, तेही ती घेऊ शकतात. हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत छापा. ते वाचून दारातून परत फिरणारा एखादा माणूस आत येईल.

मंगळवारच्या वादाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मेळावा रद्द करू नका. उपवास बुधवारी सुरू होतो, मंगळवारी कोणताही उपवास नाही. इंग्रजीत या मंगळवारला ‘श्रोव्ह ट्यूसडे’ म्हणतात. त्या नावाचे मूळ पापनिवेदन करून क्षमा मिळवण्याच्या जुन्या शब्दात आहे, म्हणजे जेवण आणि क्षमा ही दोन्ही त्या दिवसाचीच. १६ व्या शतकात इटलीत कार्निव्हलच्या गोंगाटाच्या दिवसांत पवित्र साक्रामेंताची (वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाची) चाळीस तासांची आराधना ठेवण्याची प्रथा जेसुइट संघाच्या धर्मगुरूंनी रुजवली, तीही याच जाणिवेतून. आपण चाळीस तासांचा हट्ट धरू नये. दुपारपासून आराधना आणि पापनिवेदन, संध्याकाळी एकत्र जेवण आणि शेवटी सर्वांनी मिळून रात्रीची प्रार्थना, एवढे जमले तरी परिषदेतल्या दोन्ही मतांना त्यात जागा आहे.

उत्तर २ – दीक्षार्थींसोबत (स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्या प्रौढांसोबत) काम करणारी

कॅथेड्रलची वेगळी जबाबदारी कोणती, या दुसऱ्या प्रश्नावर मला लिहायचे आहे, कारण माझ्या मते या तीन आठवड्यांचा सगळा भार तिथे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६३ साली उपासनेवरील दस्तऐवजात म्हटले आहे की बिशपांभोवती, विशेषतः कॅथेड्रलमध्ये, चालणाऱ्या धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) उपासनाजीवनाला सर्वांनी मोठा मान द्यावा. हा मान प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच रविवारी कसाला लागतो. पुनरुत्थानाच्या रात्री (ईस्टरच्या आदल्या रात्री) ज्या प्रौढांचा स्नानसंस्कार व्हायचा आहे, ते धर्मप्रांतातल्या सर्व धर्मग्रामांतून त्या रविवारी सहसा कॅथेड्रलमध्ये येतात. बिशप त्यांची निवड जाहीर करतात आणि त्यांची नावे निवडलेल्यांच्या ग्रंथात नोंदवली जातात. या विधीची तयारी त्याच आठवड्यात होत नाही, ती राखेच्या बुधवारापूर्वीच व्हावी लागते. आपल्या जुन्या पत्रकात तिचा उल्लेखही नसावा, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस, साधारण ३८१ ते ३८४ या काळात, एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला राहिली होती. तिच्या प्रवासवर्णनात या नावनोंदणीचे चित्र आहे. तयारीचे आठवडे सुरू होण्यापूर्वी एक धर्मगुरू सर्वांची नावे लिहून घेतो. मग मोठ्या चर्चच्या मध्यभागी बिशपांचे आसन मांडले जाते, दोन्ही बाजूंना धर्मगुरू बसतात आणि एकेका उमेदवाराला पुढे आणले जाते, पुरुषांसोबत धर्मपिता, स्त्रियांसोबत धर्ममाता (म्हणजे उमेदवाराची हमी देऊन त्याला सोबत करणारी व्यक्ती). बिशप प्रश्न विचारतात ते शेजाऱ्यांना: हा माणूस नीट वागतो का, आईवडिलांना मान देतो का, दारूच्या आहारी गेलेला किंवा खोटे बोलणारा तर नाही ना? साक्ष चांगली निघाली तर बिशप स्वतःच्या हाताने नाव लिहितात, नाहीतर आधी वागणे सुधारून ये असे सांगतात. आणि परक्या माणसाला, त्याला ओळखणारे साक्षीदार नसतील तर, स्नानसंस्कार सहजासहजी मिळत नाही, असेही तिने नोंदवले आहे.

कॅथेड्रल हा शब्द ज्या आसनावरून आला, ते आसन या वर्णनात लोकांच्या मधोमध मांडलेले आहे आणि त्याच्यासमोर शेजारी उभे आहेत. शेजारी माहीत असल्याखेरीज हा विधी उभाच राहत नाही.

आजच्या विधीत शेजाऱ्यांच्या जागी धर्ममातापिता आणि जमलेला समुदाय असतो. या उमेदवारांनी देवाचे वचन मनापासून ऐकले आहे का, त्यानुसार ते देवासमोर चालू लागले आहेत का, बंधुभगिनींच्या संगतीत त्यांनी प्रार्थना केली आहे का, असे बिशप धर्ममातापित्यांना विचारतात. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी या कामात मदतनीस होते. एका तरुणीची धर्ममाता आजारी पडली आणि आम्ही शनिवारी रात्री फोन करून दुसऱ्या एका भगिनीला उभे केले. रविवारी बिशपांनी विचारले, त्यांनी ‘होय’ असे उत्तर दिले, विधी सुरळीत पार पडला. नंतर ती तरुणी मला शांतपणे म्हणाली, “त्यांनी माझ्याबद्दल होय म्हटले, पण माझे नाव त्यांना कागदावर वाचून घ्यावे लागले.” चूक त्या भगिनींची नव्हती, आमची होती. तीन आठवडे हाताशी होते आणि ते आम्ही खुर्च्यांची मांडणी ठरवण्यात घालवले.

म्हणून माझी सूचना अशी की आताच सर्व धर्मग्रामांकडून दीक्षार्थींची आणि त्यांच्या धर्ममातापित्यांची नावे मागवावीत, प्रत्येक नावाचा उच्चार विचारून लिहून ठेवावा आणि धर्ममाता किंवा धर्मपिता येऊ शकले नाहीत तर त्या व्यक्तीला खरोखर ओळखणारा दुसरा कोण आहे, हेही आधीच विचारावे. राखेच्या बुधवारापूर्वीच्या एखाद्या शनिवारी त्यांना सर्वांना कॅथेड्रलमध्ये बोलवावे. त्यांपैकी बहुतेकांनी ते आतून पाहिलेलेही नसते. बिशपांचे आसन, वेदी आणि जिथे त्यांचे नाव लिहिले जाणार ते टेबल त्यांना दाखवावे, आणि कॅथेड्रलच्या कुटुंबांनी त्यांच्यासोबत तासभर बसावे. पत्रकात या दीक्षार्थींसाठी रोज प्रार्थना करण्याचे आवाहन करता येईल. नावे छापायची असतील तर प्रत्येकाची परवानगी घेऊनच छापा. काहींच्या घरी हा निर्णय अजून सांगितलेला नसतो.

उत्तर ३ – गायकवृंदातून

वरच्या दोघांनी मोठे विषय घेतले आहेत, मी थोडक्यात लिहितो. राखेच्या बुधवारपासून शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी आल्लेलुया म्हटला जात नाही. तो थेट पुनरुत्थानाच्या रात्री परत येतो. वाद्येही या काळात केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात. त्याला चौथा रविवार आणि मोठे सण एवढेच अपवाद आहेत. त्यामुळे आल्लेलुयाच्या जागचा घोष आणि राखेच्या बुधवारचे ५१ वे स्तोत्र यांची तालीम आताच, सामान्यकाळातच, करावी लागते. वाद्यांचा आधार कमी होताच आमचे सूर किती डळमळतात, हे पहिल्या रविवारी सर्वांसमोर कळण्यापेक्षा आधी तालमीत कळलेले बरे.

शेवटच्या रविवारी आल्लेलुया पूर्ण गळ्याने, जमल्यास सर्व कडव्यांसह गावा. मध्ययुगात त्याला निरोप देण्याचे आणि काही ठिकाणी तो शब्द लिहिलेली पाटी पुरून ठेवण्याचे प्रघात होते. मुलांसोबत मिस्सानंतर असे काही करायला हरकत नाही, पण तो आजच्या उपासनाविधीचा भाग नाही, म्हणून मिस्साच्या आत ते आणू नये असे मला वाटते. पत्रकात मात्र ‘आज आल्लेलुया शेवटचा, पुढचा पुनरुत्थानाच्या रात्री’ एवढी ओळ जरूर असावी. लोक त्या दिवशी खरोखर मोठ्याने गातात.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा तिघांचे मनापासून आभार. दीक्षार्थींविषयीचा मजकूर मी कालच परिषदेच्या सर्व सदस्यांना वाचून दाखवला आणि नावे मागवण्याचे पत्र तयारही झाले. मंगळवारचा प्रश्न दुपारची आराधना आणि संध्याकाळचे जेवण एकत्र ठेवून सुटला आहे.

एक गोष्ट राहते. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी ११ फेब्रुवारीला आजाऱ्यांची मिस्सा ठेवतो. वर दाखवल्याप्रमाणे २०२७ मध्ये तो दिवस राखेच्या बुधवारच्या लगेच दुसऱ्या दिवशी येईल. ती मिस्सा आधी घ्यावी का? आणि त्या मिस्सात आलेल्या सर्वांनाच तैलाभ्यंग (आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार) द्यावा की नाही, यावरही आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते.

उत्तर ४ – आजाऱ्यांच्या भेटीला जाणारा

११ फेब्रुवारी हा लूर्दच्या मातेचा स्मृतिदिन आहे, कारण १८५८ मध्ये तिथले पहिले दर्शन त्या तारखेला झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तोच दिवस जागतिक आजारी दिन म्हणून ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. तारीख सांभाळायची तर गुरुवारी मिस्सा ठेवण्यात अडचण नाही. मात्र आजारी माणसाच्या आणि त्याला उचलून आणणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर सलग दोन दिवस चर्चला येणे त्यांना झेपत नाही आणि मग ते दोन्ही दिवस घरीच राहतात. माझा कल आठवडाभर आधीच्या शनिवारकडे आहे.

तैलाभ्यंगाबद्दल नियम स्पष्ट आहे. तो संस्कार ज्याच्या जिवाला आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे धोका निर्माण होऊ लागला आहे अशा श्रद्धावंतासाठी आहे (कॅनन कायद्याच्या संहितेचे कलम १००४). अनेकांना एकत्र देता येतो, पण त्यांची योग्य तयारी झालेली असली पाहिजे (कलम १००२). जमलेल्या प्रत्येकाला रांगेत उभे करून तो देऊ नये. इथे गैरसमज टाळायचा असेल तर मिस्साच्या वेळी सूचना देऊन भागत नाही. आधी घरी जाऊन त्या व्यक्तीशी आणि कुटुंबाशी बोलावे लागते, फादरांना घेऊन जावे लागते, आणि ज्यांना पापनिवेदन करायचे आहे त्यांना तेव्हाच ती संधी द्यावी लागते. हा संस्कार म्हणजे मरणाची चाहूल असे मानून घरचे लोक तो लांबवत राहतात. ती भीती पत्रकाने जात नाही, खाटेशेजारी बसल्याने हळूहळू जाते.

आणखी एक गोष्ट कॅथेड्रलला विशेष लागू आहे. या संस्काराचे तेल बिशप पवित्र आठवड्यातल्या तेलाशीर्वादाच्या मिस्सात, म्हणजे बहुतेक ठिकाणी कॅथेड्रलमध्येच, आशीर्वादित करतात आणि ते सर्व धर्मग्रामांत नेले जाते. फेब्रुवारीतल्या कुपीत असलेले तेल हे गेल्या वर्षीच्या त्या मिस्सातले उरलेले तेल असते. कुपी आताच उघडून पाहा, कारण ऐन दिवशी ती कोरडी निघालेली मी एकदा पाहिली आहे.

शेवटी राखेविषयी. आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालचे दीक्षित सेवक) देतात, परंतु आशीर्वादित राख घरोघरी नेऊन लावण्यासाठी ख्रिस्तप्रसाद वाटणारे सेवक मदत करू शकतात. म्हणून या तीन आठवड्यांत घरी असलेल्यांची यादी नव्याने करा. जुनी यादी घेऊन निघू नका, त्यातले काही प्रभूघरी गेलेले असतात आणि काही नव्याने अंथरुणाला खिळलेले असतात. चौकशी करायची तर रविवारी ठरावीक बाकावर बसणाऱ्यांकडे करा. कोण कधीपासून दिसेनासा झाला हे शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असते, कार्यालयाला नसते. आम्ही नेहमी दोघेदोघे जातो, आणि पहिल्या भेटीत राख, उपवास यांपैकी काहीच काढत नाही, फक्त बसतो.

मूळ प्रश्नकर्ता

आजाऱ्यांची मिस्सा आठवडाभर आधीच्या शनिवारी घेण्याचे फादरांनी मान्य केले आहे आणि तेलाची कुपी आज संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून पाहिली. तीत थोडेसे तेल आहे, पण ते पुरेल.

पत्रकाचा आराखडा पूर्ण बदलला आहे. वेळा आता मागच्या पानावर गेल्या आहेत. पुढच्या पानावर तीन विनंत्या आहेत: घरातली झावळी टोपलीत आणून द्या, दीक्षार्थींसाठी रोज प्रार्थना करा, आणि आपल्या बाकावरचे कोण गेले काही रविवार दिसले नाही ते खालच्या रिकाम्या ओळीवर लिहून दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाकडे द्या. राख कोणीही घेऊ शकतो, हे वाक्य त्याच्या खाली ठळक अक्षरांत आहे. टोपली या रविवारपासून ठेवत आहोत.